पुढचे दार, मागचे दार : बार्बेक्यूच्या खानावळीचा इतिहास



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मी होमिओपॅथीच्या इतिहासावर बोलेन अशी चिटणिसांची समजूत होती. मी विषय कळवल्यावर त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांना दोष देता येणार नाही. मांस सोडाच, कंदमूळही ताटात न घेणारा एक जैन डॉक्टर अमेरिकेच्या दक्षिणेतील बार्बेक्यूच्या खानावळीवर तासभर बोलणार, म्हणजे जिथे डुकराचे मांस रात्रभर धुरावर भाजून विकतात अशा जागेवर बोलणार, हे कोणालाही विचित्रच वाटेल. पण अशा एका खानावळीत मी एक संध्याकाळ बसून आलो आहे. तिथे निघालेला एक प्रश्न माझ्याबरोबर बेळगावपर्यंत आला आणि त्याच्यापायी मी हा इतिहास वाचू लागलो. तो इतिहास आणि तो प्रश्न, दोन्ही आज आपल्यापुढे ठेवतो.

माझी मुलगी आणि जावई अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात राहतात. हे शहर तसे जुने नाही. १८७१ साली कोळसा आणि लोखंड यांच्या आधाराने ते वसले. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही दोघे तिथे गेलो होतो. एका सकाळी जावयांनी आम्हाला नागरी हक्कांच्या लढ्याचे संग्रहालय दाखवले. त्याच्या समोरच सोळाव्या रस्त्यावरचे बाप्टिस्ट चर्च आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी, रविवारी, तिथे बॉम्बस्फोट होऊन चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. संग्रहालयात पाणी पिण्याचे दोन नळ शेजारी शेजारी मांडले आहेत, एक गोऱ्यांसाठी आणि एक काळ्यांसाठी. माझा दहा वर्षांचा नातू त्या नळांपुढे बराच वेळ उभा होता.

त्याच संध्याकाळी नातवाच्या आवडीच्या बार्बेक्यूला जायचे ठरले. सूर्य मावळण्याआधी माझे जेवण आटोपावे म्हणून मुलीने सहाचीच वेळ धरली. खानावळीच्या बाहेर फोडलेल्या लाकडांची रास रचलेली होती आणि धुराचा वास गाडीच्या तळापर्यंत येत होता. आत थाटमाट काही नाही. गल्ल्यावर जाऊन आपणच सांगायचे, पैसे द्यायचे, नाव पुकारले की कागद अंथरलेला ट्रे उचलायचा. टेबलावर हात पुसायला कागदाचे रीळ आणि तीन-चार प्रकारच्या सॉसच्या बाटल्या. मजूर, वकील, पोलीस, लेकुरवाळ्या बाया, गोरे आणि काळे, सगळे त्याच रांगेत उभे होते. पदार्थ हाताने खायचा, बोटे चाटायची, कोणी कोणाकडे पाहायचे नाही.

गल्ल्यावरची मुलगी मोठी प्रामाणिक होती. मी काय काय खात नाही हे माझ्या लेकीने सांगताच तिने फळ्यावरचा एकेक पदार्थ स्वतःच बाद करीत आणला. पालेभाजी? तिच्यात डुकराचे हाड घालून शिजवतात. घेवड्याची उसळ? तिच्यातही मांस. कोबीच्या कोशिंबिरीत अंडे. तळलेली भेंडी दिसली तेव्हा माझा जीव हरखला, पण ती मासे तळतात त्याच तेलात तळलेली निघाली. शेवटी उकडलेले मक्याचे कणीस, चिरलेला टोमॅटो आणि भरपूर साखरेचा थंड चहा असे माझे ताट ठरले. खोटे कशाला सांगू, कणीस चवदार होते.

आम्ही बसलो. नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही इथलं काही खात नाही. तरी इथे बसलेलं तुम्हाला चालतं?" मी म्हणालो, चालते. थोडा वेळ तो गप्प बसला. मग सकाळचे ते नळ त्याच्या डोक्यात असावेत, तो म्हणाला, "मग पूर्वी काळ्या लोकांना का बसू द्यायचे नाहीत? ते तर हेच खायचे ना?"

याला मी त्या वेळी काही उत्तर दिले नाही. घरी परतल्यावर वाचू लागलो तेव्हा कळले की पोराच्या प्रश्नातले अर्धेच मला ऐकू आले होते. काळे लोक हे नुसते खात नव्हते. हे शिजवत आले होते तेच.

बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. लाकडी काठ्यांच्या माचणावर मांस किंवा मासे ठेवून खालून मंद धूर द्यायचा, त्या माचणाला ते जे म्हणत त्याचे स्पॅनिश लोकांनी 'बार्बाकोआ' केले आणि इंग्रजांनी पुढे 'बार्बेक्यू'. डुक्कर मात्र तिथले नव्हे. युरोपियनांनी ते जहाजातून आणले. १५३९ मध्ये हर्नांदो द सोतो फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर डुकरांचा कळप होता, आणि जंगलात सोडलेली डुकरे त्या हवामानात झपाट्याने वाढली. मूळ रहिवाशांची रीत आणि युरोपियनांचे जनावर अशा दोन गोष्टी झाल्या. तिसरी गोष्ट म्हणजे कष्ट. ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी केले.

हे कष्ट किती असत ते सांगतो. जमिनीत लांब चर खणायचा. हिकरी किंवा ओकसारखे कठीण लाकूड तोडून, जाळून त्याचे निखारे करायचे. निखारे चरात पसरून वर जनावर ठेवायचे आणि आच इतकी मंद राखायची की चरबी पेट घेणार नाही आणि निखारा विझणारही नाही. डॉक्टर म्हणून त्यामागचे कारण सांगता येते. जनावराच्या खांद्यासारख्या राबत्या स्नायूंना कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंनी बांधून ठेवलेले असते. मोठ्या आचेवर ते आक्रसून मांस चामड्यासारखे होते. शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत दहा-बारा तास ठेवले तर तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होते आणि चिवट भाग बोटांनी सुटू लागतो. म्हणजे या पाककृतीतला मुख्य जिन्नस रात्रीचे जागरण. ज्याला झोपायची मुभा नाही असा माणूस ज्याच्या पदरी आहे, त्यालाच हे परवडत असे.

त्या जागरणाची एक साक्ष उपलब्ध आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारने बेकार लेखकांना कामाला लावून, हयात असलेल्या जुन्या गुलामांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत दक्षिण कॅरोलायनातील वेस्ली जोन्स नावाच्या अतिवृद्ध माणसाची आठवण आहे. मोठ्या समारंभाच्या आदल्या रात्री आपण रात्रभर चराशी उभे राहून मांसावर मसाल्याचे पाणी कसे फिरवीत असू ते त्याने सांगितले आहे. त्या पाण्यातले जिन्नसही त्याने सांगितले : व्हिनेगर, मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, धने, कांदा, लसूण आणि सुवासिक पाने. मोजमाप कुठे नाही. ते त्याच्या हातात होते. पुढे छापली गेलेली बहुतेक पाकपुस्तके गोऱ्या गृहिणींच्या नावावर आहेत. हाताचे मोजमाप असलेल्यांना लिहायला शिकवणेच बहुतेक दक्षिणी राज्यांत गुन्हा होता.

ताटातल्या इतर पदार्थांचे मूळ पाहिले तर आपल्याला आणखी आश्चर्य वाटेल. ज्या भेंडीवर माझा जीव गेला, ती आफ्रिकेची. तिचे इंग्रजी नाव 'ओक्रा' हेही पश्चिम आफ्रिकेतील इग्बो भाषेतून आलेले. तिथे नववर्षाच्या दिवशी शुभ म्हणून खातात ती काळ्या डोळ्याची चवळी आफ्रिकेची. कलिंगड आफ्रिकेचे. आपल्या परसातली भेंडी आणि चवळीही जुन्या काळी त्याच खंडातून इकडे आली. घरच्या ताटात रोज वाढली जाणारी भाजी आणि त्या अनोळखी खानावळीतली भाजी एका गोत्राची निघाली.

आता बसण्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकात बार्बेक्यू म्हणजे खानावळ नव्हती, ती जत्रा होती. त्याआधीही, १७६९ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन अलेक्झांड्रिया येथे बार्बेक्यूला गेल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. निवडणूक, स्वातंत्र्यदिन, रेल्वेचे उद्घाटन, प्रत्येक वेळी चर खणले जात, भाषणे होत आणि मतदारांना पोटभर जेवू घातले जाई. आपल्याकडच्या निवडणुकीतल्या जेवणावळी पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. चराशी काळे, टेबलाशी गोरे, अशी त्या जत्रेची मांडणी असे.

गुलामगिरी संपली आणि तेच कौशल्य मुक्त माणसांच्या हातचा धंदा झाले. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे मुक्तीचा हुकूम जाहीर झाला. त्याचा वर्धापनदिन काळे लोक आजही साजरा करतात आणि त्या दिवशी बार्बेक्यू असतोच. काही ठिकाणी चर अंगणातच राहिला आणि शनिवारी विक्री होऊ लागली. चरावर आधी पत्र्याचे छप्पर आले, मग टेबले आली. विसाव्या शतकाच्या आरंभी मेम्फिसजवळचा हेन्री पेरी नावाचा कृष्णवर्णीय गृहस्थ मिसुरीतील कॅन्सस सिटीला गेला. तिथल्या प्रसिद्ध बार्बेक्यूचा तो जनक मानला जातो. मोटारी आल्या, रस्ते झाले आणि रस्त्याच्या कडेला अशा खानावळी उभ्या राहिल्या. प्रत्येक मुलखाची रीत वेगळी झाली. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर आणि व्हिनेगर, दक्षिण कॅरोलायनात मोहरी, टेक्सासमध्ये डुकराऐवजी गोमांस. अलाबामातील डिकेटर गावी बॉब गिब्सन याने १९२५ च्या सुमारास पांढरा सॉस काढला, तो त्या राज्याचा अभिमान. या बाबतीत तिथले लोक वाद घालतात ते कोल्हापूर आणि बेळगावचे लोक रश्श्यावरून घालतात त्याच तन्मयतेने.

याच काळात गोऱ्या आणि काळ्यांना वेगळे ठेवणारे कायदे दक्षिणेत घट्ट झाले. बर्मिंगहॅमचा नगरनियम तर वाचण्यासारखा आहे. एकाच खोलीत गोरे आणि काळे यांना वाढणारी खानावळ चालवणे तिथे बेकायदा होते. वाढायचेच असेल तर दोघांमध्ये जमिनीपासून किमान सात फूट उंचीची भरीव आडभिंत पाहिजे आणि रस्त्यावरून येण्याची दारे वेगवेगळी पाहिजेत. सात फूट का? सहा फुटी माणसाने टाचा उंचावल्या तरी पलीकडचे ताट दिसू नये, असाच हिशेब असणार.

एवढा खर्च कोण करतो? बहुतेक खानावळींनी सोपा मार्ग काढला. आत बसायचे ते गोऱ्यांनी. काळ्यांनी मागच्या दाराशी किंवा बाजूच्या खिडकीशी उभे राहायचे, पैसे द्यायचे, पुडके घ्यायचे आणि निघायचे. त्याच दाराच्या आत काळा आचारी उभा असे. त्याने शिजवलेले त्याचाच भाऊ खिडकीतून विकत घेई. काळ्यांच्या स्वतःच्याही खानावळी होत्या, आणि गंमत अशी की चव चांगली म्हणून गोरे लोक तिथे जात. प्रवासाला निघालेल्या काळ्या कुटुंबाला मात्र वाटेत कुठे बसता येईल याची यादीच जवळ ठेवावी लागे. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालखात्यातील कर्मचाऱ्याने १९३६ पासून अशी यादी छापायला सुरुवात केली. 'ग्रीन बुक' म्हणून ती प्रसिद्ध आहे.

१ फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि मागितलेले वाढले नाही तरी उठले नाहीत. या बसण्याची लाट दक्षिणभर पसरली. बर्मिंगहॅममध्ये १९६३ च्या मे महिन्यात मोर्चातल्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, पाण्याचे फवारे मारले. त्याच उन्हाळ्यात शहराने आपले विभाजनाचे नियम रद्द केले. आडभिंतीचा नियम गेला, चाल राहिली. अखेर २ जुलै १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. जॉन्सन टेक्सासचे, बार्बेक्यूचे मोठे शौकीन. पाहुण्या राष्ट्रप्रमुखांनाही ते बार्बेक्यूच खाऊ घालीत.

आणि कायद्याला आव्हान मिळाले ते बर्मिंगहॅममधील एका बार्बेक्यूच्या खानावळीकडून. 'ऑलीज बार्बेक्यू' ही मॅक्लंग कुटुंबाची खानावळ १९२० च्या दशकापासून चालत आलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात तिचे वर्णन जमाखर्चाच्या वहीसारखे आहे. बसण्याच्या जागा २२०. नोकर ३६, त्यांतले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. काळ्या गिऱ्हाइकांना पुडके मिळे, आत बसायला मिळत नसे. म्हणजे रोज चोवीसेक काळी माणसे त्या इमारतीत शिजवत, वाढत, भांडी घासत होती, आणि २२० खुर्च्यांपैकी एकीवरही त्यांच्या घरच्या माणसाला बसता येत नव्हते.

मॅक्लंग यांचे म्हणणे साधे होते. आमचा धंदा गावातला, गिऱ्हाईक गावातले, त्यात केंद्र सरकारचा संबंध काय? त्यांच्या बाजूला इतिहासही होता. १८७५ मध्येही अमेरिकेने वाहने, धर्मशाळा आणि नाटकगृहे सर्वांना खुली करणारा कायदा केला होता. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. समतेची घटनादुरुस्ती सरकारांना बांधते, खासगी मालकाला नाही, असे न्यायालय म्हणाले. म्हणून १९६४ च्या कायदेकर्त्यांनी दुसरी वाट धरली. राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार केंद्राला आहे, त्याचा त्यांनी आधार घेतला. पहिल्या फेरीत खालच्या न्यायालयात मॅक्लंग जिंकले.

१४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती टॉम क्लार्क हेही टेक्सासचेच. न्यायालयाने मांस मोजले. कायदा होण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत खानावळीने सुमारे दीड लाख डॉलरचा माल घेतला होता. त्यांपैकी ६९,६८३ डॉलरचे, म्हणजे ४६ टक्के मांस गावातल्याच व्यापाऱ्याकडून घेतलेले, पण त्या व्यापाऱ्याने ते राज्याबाहेरून आणलेले. मांस राज्याची सीमा ओलांडून आले, सबब खानावळ केंद्राच्या कायद्याखाली आली. शिवाय अशा भेदभावामुळे काळ्यांचा प्रवास आणि खर्च घटतो, आणि त्याने व्यापाराला धक्का बसतो, हेही न्यायालयाने मान्य केले.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चटका बसला. अपमान झाला माणसाचा आणि न्यायालयाने वजन केले डुकराचे. आयुष्यभर मांसापासून दूर राहिलेल्या मला हे पचायला जड गेले. मेलेल्या जनावराला सीमा ओलांडण्याचा जो मान होता, तो जिवंत माणसाला उंबरा ओलांडण्यासाठी उसना घ्यावा लागला. याची बोच न्यायालयातही कोणाला तरी होती. न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनी निकालाशी सहमत होऊन वेगळे मत जोडले. या कायद्याचा मुख्य हेतू माणसाची प्रतिष्ठा राखणे हा आहे, केवळ अर्थकारण नव्हे, असा त्याचा आशय. मॅक्लंग यांनी निकाल मानला. थोड्याच दिवसांत काळी माणसे पुढच्या दाराने आत गेली, बसली आणि जेवली.

दुसरा एक खटला मला त्याहून जवळचा वाटला, कारण त्यात धर्म आला. दक्षिण कॅरोलायनातील 'पिगी पार्क' या बार्बेक्यूच्या पाच खानावळी होत्या. मोटारीत बसून खाण्याची सोय. १९६४ मध्ये ॲन न्यूमन या पाद्र्याच्या कृष्णवर्णीय पत्नीला तिथे वाढले गेले नाही आणि तिने व इतरांनी दावा लावला. मालक मॉरिस बेसिंजर यांच्या बचावातला एक मुद्दा असा, की हा कायदा ईश्वराच्या इच्छेविरुद्ध आहे आणि तो पाळायला लावणे म्हणजे त्यांच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. १८ मार्च १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात हा बचाव सरळ फोल ठरवला आणि दावा लावणाऱ्यांना वकिलाचा खर्च मिळवून दिला.

फोल ठरवणे न्यायालयाला सोपे गेले. मी मात्र त्या पानावर थांबलो. कारण मॉरिस बेसिंजरच्या तोंडचे हे वाक्य वेगळ्या शब्दांत मी लहानपणी ऐकले होते.

श्रोतेहो, माझे बालपण निपाणीकडच्या एका खेड्यात गेले. तंबाखूची शेती. १९६४ मध्ये मी पाच वर्षांचा होतो. आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे. आमच्याकडे राबणाऱ्या गड्याचा तो कप. चहाच्या वेळी तो स्वतः कप धुऊन आणी, परसदारी खाली ठेवी आणि माझी आई वरून चहा ओती. पाणी गाळून पिणारी, चुलीत घालण्याआधी सरपण झटकून किडामुंगी वाचवणारी ती बाई. तिच्या मनात क्रौर्य नव्हते. मी एकदा विचारले तेव्हा तिने सांगितले, "ते खातात-पितात रे. आपला धर्म बाटतो." पुढे मी मोठा झाल्यावर तो चहा मीही ओतला आहे. वरून.

आईचे उत्तर मी तपासून पाहिले. गावात मांस खाणारे पाटील होते, देशमुख होते. ते आमच्या सोप्यावर बसत आणि घरच्या कपातून चहा पीत. तेव्हा प्रश्न खाण्याचा नव्हताच. अहिंसेचे नाव पुढे केलेले होते. तिच्या आड जी उभी होती ती बर्मिंगहॅमचीच सात फुटी आडभिंत.

आपल्याकडे ही भिंत कोणाला दिसलीच नव्हती असे मात्र नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले. राजा जिथे चहा पितो तिथे नाक मुरडायचे कसे, हा पेच त्यांनी उच्चवर्णीयांना घातला. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीची अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह काढले. जैन आहार आणि सर्वांची पंगत यांत विरोध नाही हे आमच्याच समाजातल्या एका माणसाने इतक्या वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. आमच्या घरात कर्मवीरांची तसबीर होती. गोठ्यात तो कपही होता.

आणि आपली राज्यघटना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत शिकले होते. १९४६ मध्ये त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या लढ्याची माहिती मागवली होती. आपल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला तिथे अडवता येणार नाही. २६ जानेवारी १९५० पासून हे लागू आहे. अमेरिकेला जे १९६४ मध्ये मांसाच्या वजनातून सिद्ध करावे लागले, ते आपण चौदा वर्षे आधी सरळ लिहून ठेवले होते. माझ्या आईच्या हातचा चहा मात्र १९६४ मध्येही वरूनच पडत होता. कायदा हॉटेलच्या पुढच्या दारापर्यंत पोचतो. घराचे परसदार ज्याचे त्याने उघडायचे असते.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. बीएचएमएस होऊन मी बेळगावात दवाखाना काढला. काही वर्षांनी तो गडी दम्याचा त्रास घेऊन माझ्याकडे आला. खूप थकला होता. मी त्याची सविस्तर हकीकत लिहून घेतली. आमच्या पद्धतीत रोग्याला काय आवडते, काय सोसत नाही, तहान किती लागते, असे बारीकसारीक विचारावे लागते. त्याला धाप लागली होती, म्हणून मी मदतनिसाला पाणी आणायला सांगितले. पेला समोर आला. त्याने हात लावला नाही. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, धाकलं मालक. भाईर नळावर प्यालोय मी." तो प्यालेला नव्हता. ओठ कोरडे होते. आणि मी, पदवीधर माणूस, भिंतीवर कर्मवीरांची तसबीर असलेल्या घरातला, पेला उचलून त्याच्या हातात दिला नाही. "बरं" म्हणालो आणि औषधाच्या पुड्या बांधू लागलो. तो आता हयात नाही. चाळीस वर्षे मी लोकांना काय खाता हे विचारत आलो. कोणाबरोबर खाता, हे मी स्वतःलाही विचारले नव्हते.

आपण सीमाभागातली मराठी माणसे. आपल्याला कोणी कुठे दाराबाहेर ठेवले, कुठल्या पाटीवरून आपली भाषा पुसली, याचा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवला आहे, आणि तो ठेवायलाच हवा. पण आपल्या परसदारी कोण उभे होते याची वहीही त्याच घरात असते. आज तो कप गोठ्यात नसेल. फ्लॅट भाड्याने देताना "तुम्ही खाता-पिता का?" हा प्रश्न आपण ज्या चेहऱ्याकडे पाहून विचारतो आणि ज्या चेहऱ्याला विचारायचे विसरतो, तिथे तो ठेवलेला आहे.

माझा आहार मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. जीवहिंसा नको हे मला पटलेले आहे आणि त्या संध्याकाळी शेजारच्या ताटातल्या वासाने मला मळमळलेही. पण त्या टेबलावर मी तासभर बसलो आणि माझे व्रत जसेच्या तसे घेऊन उठलो. ताटात काय असावे हे मी ठरवीन. शेजारी कोणी बसू नये हे ठरवायला मला धर्माने कधी सांगितले नव्हते. ते आम्ही धर्माच्या नावावर खपवले होते.

नातवाला मी पुढे फोनवर उत्तर दिले. त्याने विचारले होते, काळ्या लोकांना का बसू द्यायचे नाहीत. मी त्याला त्या खानावळीची, त्या ४६ टक्क्यांची गोष्ट सांगितली. मग कान तुटलेल्या कपाची सांगितली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्याने विचारले, "त्यांचं नाव काय होतं आजोबा?"

नाव मला सांगता आले, कारण केसपेपरवर लिहिलेले होते. आईने आणि मी त्याला नावाने कधी हाक मारल्याचे मला आठवत नाही.